टाटा इस्टेट, १९९६ : उभी करायची की भंगारात घालायची

५ ऑक्टोबर २०२५

गाडी टाटा इस्टेट, म्हणजे मागे बंद डिकीऐवजी लांब, सपाट सामानाची जागा असलेली मोटार. १९४८ सीसी डिझेल, टर्बो नाही, पाच गिअर, रंग गडद निळा. पहिली नोंदणी फेब्रुवारी १९९६ची. मीटरची केबल मधली काही वर्षं तुटलेली होती, त्यामुळे मीटरवरच्या आकड्याला अर्थ नाही. मामांच्या डिझेलच्या वह्या सलग आहेत, त्यांवरून हिशोब लावला तर ४ लाख १० हजार किलोमीटरच्या पुढे जातो.

मामांचा धंदा शेतीपंप बसवण्या-काढण्याचा. मागची सीट पाडून सबमर्सिबल, केबलची भेंडोळी आणि चेनपुली घेऊन ही गाडी राधानगरी, गगनबावडा, चंदगड अशी फिरली. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. माझ्या दृष्टीने या गाडीच्या वयाचा खरा आकडा किलोमीटरचा नाही, पावसाळ्यांचा आहे.

आता मामांचं गाडी चालवणं बंद झालंय. परवा किल्ली हातात देऊन म्हणाले, "तुला पाहिजे तर ठेव, नाहीतर भंगारवाल्याला बोलाव. पण उगं उभी ठेवून कुजवू नकोस." मुदत त्यांनी दिली नाही, आरटीओने दिली आहे. नोंदणी येत्या फेब्रुवारीत संपते.

म्हणून पद्धत ठरवली. निर्णय होईपर्यंत गाडीवर पैसा घालायचा नाही, फक्त तपासायची. आधी चासी आणि पत्रा, मग इंजिन, मग सुटे भाग मिळतात का ते, शेवटी कागद. एक अट आजच लिहून ठेवतो, म्हणजे नंतर मोहात पडून बदलता येणार नाही : चासीच्या मुख्य लांबीत गंज आरपार गेलेला निघाला, तर गाडी भंगारात.

११ ऑक्टोबर

गाडी खड्ड्यावर घेतली. दिवसभर खालूनच काम.

इस्टेटला सुमोसारखी वेगळी चासी आहे, बॉडी तिच्यावर रबरांवर बसवलेली. त्यामुळे वरचा पत्रा सडला तरी गाडी वाकत नाही, आणि त्यामुळेच लोक वर्षानुवर्षं दुर्लक्ष करतात. आधी पाण्याने धुऊन, वाळवून, मग लहान हातोडीने पुढून मागे ठोकत गेलो. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्याचा बद्द. इंजिनाखालून मधल्या आडव्या पट्टीपर्यंत आवाज स्वच्छ. पुढच्या भागाला इंजिनच्या गळक्या ऑइलनेच जपलंय, हे प्रत्येक जुन्या डिझेलखाली दिसतं.

मागे गोष्ट वेगळी. उजव्या बाजूला, मागचं सस्पेन्शन जिथे चासीला धरलंय त्या ब्रॅकेटच्या वर आवाज बदलला. तिथे चासीवर पूर्वी कुणीतरी पट्टी मारून वर डांबरी रंग फासलाय. पट्टीखाली काय आहे ते आज कळलं नाही.

मागच्या दोन्ही चाकांच्या कमानी आतून उकरल्या. बाहेरचा पत्रा आणि आतला पत्रा यांच्या मधल्या फटीत स्क्रू ड्रायव्हर घातला तर तांबड्या मातीचा थर निघायला लागला. चंदगडकडची जांभ्याची माती, घट्ट दाबून बसलेली, आणि आतून अजून ओली. गाडी एप्रिलपासून हललेली नाही, पावसात शेडखाली होती, तरी ओल होती. ती बोटावर घेऊन बघितली, तिच्यात पत्र्याचे पापुद्रे अभ्रकासारखे चमकत होते. डाव्या कमानीला माती काढल्यावर पंजा जाईल एवढं भोक पडलं. उजवीला त्याहून लहान.

दारांखालचे सिल : डावा ठीक, उजवा मागच्या टोकाला गेलेला. दोन्हींची पाणी जायची भोकं चिखलाने बंद होती, तारेने मोकळी केली.

१२ ऑक्टोबर

आतली मॅट आणि खालचा नमदा काढला. ड्रायव्हरच्या पायाखाली वरवरचा गंज, पत्रा शाबूत. शेजारच्या सीटखाली भोक. पुढच्या काचेच्या रबराच्या कोपऱ्यातून पाणी उतरत आलंय, डागाची रेघ स्पष्ट आहे. डिकीचं दार खालच्या शिवणीवर फुगलंय. चुंबकाला फडकं गुंडाळून बाहेरून फिरवला : टप, बॉनेट, चारही दारं खरा पत्रा. मागच्या उजव्या मडगार्डवर चुंबक धरतच नाही, तिथे पुट्टीचा जाड थर आहे.

२६ ऑक्टोबर

दिवाळी झाली. आज इंजिन. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातले मिस्त्री रविवार असून आले, त्यांचं आयुष्य सुमो आणि ४०७ ट्रक उघडण्यात गेलंय.

या इंजिनाचं नाव ४८३. टेल्कोची (आताच्या टाटा मोटर्सची) जुनी पद्धत सरळ होती : पहिला आकडा सिलिंडरचा, पुढचे दोन बोअरचे मिलिमीटर. चार सिलिंडर, ८३ बोअर, ९० स्ट्रोक, गुणाकार केला की १९४८ सीसी येतात. ४०७ला बसणारं ४९७ आणि इंडिकातलं ४७५ याच हिशोबातलं. डिझेल थेट सिलिंडरमध्ये न जाता आधी छोट्या कोठडीत पेटतं, म्हणून थंडीत हीटर प्लगवाचून उठत नाही. ताकद सत्तर हॉर्सपॉवरच्याही आत, पण जोर खालच्या फेऱ्यांतच मिळतो आणि घाईची अपेक्षा नसेल तर इंजिन टिकतं.

थंड इंजिन तिसऱ्या प्रयत्नात उठलं. पांढरा धूर, मिनिटभरात विरळ झाला. निळा धूर नाही. ऑइलचं झाकण सैल करून ठेवलं, ते जागेवर थरथरलं पण उडालं नाही. बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे रिंगांवरून खाली सुटणारा गॅस, आहे, पण चार लाखांच्या इंजिनाला शोभेल इतकंच.

गरम करून हीटर प्लग काढले आणि कॉम्प्रेशन घेतलं. पहिले तीन २७, २६, २७ किलो. चौथा २०.

इथे बहुतेक गॅरेजमध्ये "हाफ इंजिन करून टाकू", म्हणजे खालून उघडून पिस्टन-रिंगा बदलू, असं ठरून जातं. मिस्त्रींनी तसं केलं नाही. आधी टॅपेटचं क्लिअरन्स बघितलं, चौथ्याच्या एक्झॉस्टला जवळजवळ शून्य होतं. ते लावलं, परत मोजलं, २१. मग चौथा पिस्टन वर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, हीटर प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली आणि कान लावला. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, म्हणजे गॅसकेट चांगलं. ऑइलच्या झाकणाशी फुसफुस अगदी थोडी, म्हणजे रिंगा चालतील. सायलेन्सरच्या तोंडाशी मात्र सरळ शिट्टी. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालाय. हेड उतरवायचं, सीट कापायची, व्हॉल्व्ह बदलायचा, हेडचं फेसिंग करून परत बसवायचं. खालचा अर्धा भाग उघडायची गरज नाही.

हवा सोडून कुठून सुटते ते ऐकणं, एवढ्या एका तपासाने तीस-चाळीस हजारांचा फरक पडतो. जुनी डिझेल घेणाऱ्या प्रत्येकाने मिस्त्रीकडे त्याचा आग्रह धरावा.

जाताना ते म्हणाले, "सायेब, इंजिनाचं घेऊन बसू नका. इंजिन कवाबी हुतंय. पत्रा हुतोय का बघा."

२ नोव्हेंबर

बाकीचं भराभर. गिअरबॉक्स चांगला, दुसरा गिअर थंड असताना किंचित कुरकुरतो. क्लच राहिलाय थोडा. पुढे डबल विशबोन आणि टॉर्शन बार. उजवी बाजू बसलेली दिसते, पण बार मोडलेला नाही, बोल्ट आवळून उंची मिळेल. बुश सगळे संपलेत, खालचे बॉल जॉइंट गेलेत. स्टिअरिंगला चार बोटं खेळ, निम्मा दांड्यांच्या टोकांत, निम्मा बॉक्समध्ये. मागचे ब्रेक ड्रमचे, एक सिलिंडर गळतोय. वायरिंगवर मामांनी कुणाला हात लावू दिलेला नाही, आणि ते या गाडीचं मोठं भाग्य आहे.

यातलं काहीही निर्णय फिरवणारं नाही.

९ नोव्हेंबर

सुटे भाग. या शोधात गाडीची वंशावळ उपयोगी पडते, म्हणून लिहून ठेवतो. टेल्कोने १९८८ला टाटामोबाइल पिकअप काढला. त्याच सांगाड्यावर १९९१ला सिएरा, १९९२ला इस्टेट. १९९४ला सुमो आली आणि तिने हेच इंजिन गावोगावी नेलं. पुण्यात तयार झालेल्या या गाड्या इंडिकाच्या, म्हणजे १९९८च्या, आधीच्या. मोटारगाडी कशी बनवायची हे कंपनी ट्रकच्या ज्ञानावरून शिकत होती तो हा काळ, आणि इस्टेटच्या खाली वाकून बघितलं की ते दिसतं : बोल्ट गरजेपेक्षा जाड, ब्रॅकेट गरजेपेक्षा वजनदार.

म्हणून इंजिन, क्लच, ब्रेक, पुढचं सस्पेन्शन यांची अडचण नाही. सुमो आणि २०७ पिकअपचं सामान उद्यमनगरात मिळतं, नाहीतर पुण्याहून एका दिवसात येतं. गाडीचा समोरचा भाग पिकअप आणि सिएराशी मिळताजुळता, त्यामुळे तिकडचंही काही निघेल.

अडचण बी पिलरच्या, म्हणजे पुढच्या दारामागच्या खांबाच्या, मागे सुरू होते. मागच्या बाजूच्या लांब काचा, त्यांची रबरं, डिकीचं दार, टेललॅम्प हे फक्त इस्टेटचं. इस्टेट फार विकली गेली नाही, आणि जी विकली गेली त्यातली बरीचशी भंगारात गेली. कुर्ल्याच्या बाजारात विचारलं, तिथल्या दुकानदाराने सिएराचं काय पाहिजे ते सांगा म्हणाला, इस्टेटचं नाव काढल्यावर डोकं हलवलं.

आपल्याकडे इस्टेट हा प्रकारच रुजला नाही. नंतर बलेनो अल्तुरा आली, इंडिगो मरिना आली, ऑक्टाव्हिया कॉम्बी आली, सगळ्या गेल्या. लोकांना सामानाची जागा वेगळी, बंद आणि मागे शेपटीसारखी बाहेर आलेली हवी होती. मला हे कधी पटलं नाही. सीट पाडली की सपाट फळीसारखी जागा, मागचं दार वर उघडणारं, पावसात त्याच्याच आडोशाला उभं राहून पंप खोलता येतो. मामांनी ते तीस वर्षं करून दाखवलंय. ही गाडी वाचवावी असं मला वाटतं त्याचं मोठं कारण हेच आहे : कामाची गाडी कशी असावी याचं इतकं चांगलं उत्तर पुन्हा आपल्या रस्त्यावर आलं नाही.

पण वाटणं वेगळं आणि ब्रॅकेटवरची ती पट्टी वेगळी.

२३ नोव्हेंबर

मामा शेडवर आले. खुर्ची टाकून बसले आणि गाडीच्या मागच्या बाजूकडे बघत राहिले. पट्टीबद्दल विचारलं.

"ती होय? आजऱ्याच्या घाटाखाली ब्रॅकेट सुटला होता. गाडीत पंप होता तीन, पाऊस धरलेला. तिथंच एका वेल्डिंगवाल्याकडनं मारून घेतली."

"किती साली, मामा?"

"तुझं कॉलेज चालू होतं."

म्हणजे गाडी त्या पट्टीवर वीस वर्षं ओझं वाहत आलीय. यावरून दोन अर्थ निघतात, आणि दोन्ही विरुद्ध आहेत. एकतर पट्टीखालचं लोखंड भक्कम आहे, किंवा पट्टीच सगळा भार घेतेय. मामांना मी विचारलं, तुमचं मत काय, ठेवावी का. ते म्हणाले, "मला विचारू नकोस. मी हो म्हणणार." एवढंच.

२९ नोव्हेंबर

कागदांचं काम सोपं निघालं. खासगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. २०११, २०१६, २०२१ मामांनी वेळेवर केलंय. २० वर्षांवरच्या मोटारगाडीचं नूतनीकरण शुल्क या ऑगस्टपासून १० हजार झालंय, त्यावर पर्यावरण कर वेगळा. फॉर्म २५, विमा, पीयूसी आणि गाडी प्रत्यक्ष नेऊन दाखवणं. धुराची मर्यादा या वयाच्या डिझेलला ६५ एचएसयू (धुराच्या काळेपणाचं माप), नोझल आणि पंप नीट असतील तर हे इंजिन त्यात बसतं.

भंगाराचाही भाव विचारून ठेवला. अधिकृत भंगार केंद्र वजनावर पैसे आणि गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र देतं. मामांना एवढंच सांगायचं ठरवलं आहे की असेल तो निर्णय कागदोपत्री पूर्ण करू, चासी नंबर कुठे भटकणार नाही.

६ डिसेंबर

आज पट्टी काढली. निर्णयाचा दिवस हाच होता.

आधी फाउंड्रीतून जाडी मोजायचं अल्ट्रासॉनिक यंत्र आणलं. कास्टिंगच्या भिंती मोजायला आम्ही रोज वापरतो तेच. रंग खरवडून, जेल लावून, पुढून मागे मोजत गेलो. इंजिनाखाली ३.१ मिलिमीटर. मध्ये ३.० आणि २.९. डावी बाजू मागे २.७. उजवीकडे पट्टीच्या अलीकडे २.७, पलीकडे २.६.

मग ग्राइंडरने पट्टीचे टाके कापले. छिन्नी घालून उचलली तशी ती एका तुकड्यात सुटली. खाली काळपट तपकिरी भुगा. वायरब्रशने साफ केलं. आरपार भोक नाही. ब्रॅकेटच्या बरोबर वर, तळहाताएवढ्या जागेत पृष्ठभाग खड्ड्याखड्ड्यांचा, आणि तिथे आकडा १.९, एका ठिकाणी १.७. त्या जागेच्या चारही बाजूंना दोन बोटं सरकलं की परत अडीचच्या वर. जुनी चीर ब्रॅकेटच्या बोल्टपासून सुरू होऊन बोटभर जाऊन थांबलेली, पुढे वाढलेली नाही.

चासीच्या आत पाण्याच्या भोकातून छोटा कॅमेरा घातला. खाली मातीचा थर, वर लोखंडावर एकसारखा पातळ गंज, पापुद्रे नाहीत.

अट होती आरपार गेलेल्या गंजाची. तो नाही. आहे तो एका ठिकाणचा, कारण माहीत असलेला आणि दुरुस्त होणारा.

१४ डिसेंबर

ठेवायची.

पण काय करायचं आणि काय नाही हे आजच लिहितो. अशा गाड्या अर्ध्या उघडून वर्षानुवर्षं शेडमध्ये पडतात, त्याचं कारण हेच असतं की कुठे थांबायचं ते सुरुवातीला कुणी ठरवत नाही.

सगळी गाडी उघडून, रंग पूर्ण काढून, नव्यासारखी करायची नाही. त्याचा अंदाज साडेचार लाखांच्या पुढे गेला, आणि टप व बॉनेटवरचा कंपनीचा मूळ रंग अजून चांगला असताना तो घासून टाकणं मला मान्य नाही. चासी, कुजलेला पत्रा, हेड, नोझल-पंप, ब्रेक, बुश, काचेची रबरं. एवढंच. रंग फक्त जिथे वेल्डिंग होईल तिथे.

वेल्डिंग आणि पत्रा ५८ हजार. हेडचं काम २१, नोझल आणि पंप कॅलिब्रेशन १४, बुश-बॉल जॉइंट-ब्रेक मिळून २६, टायर २२, कागद आणि किरकोळ २० हजार धरले. एकूण १ लाख ६१ हजार. बाजारात या गाडीला याच्या निम्मेही कुणी देणार नाही. ते पैसे परत येणार नाहीत हे धरूनच चाललोय. या पैशात दुसरी कुठली सपाट मागच्या जागेची, साध्या इंजिनाची, उद्यमनगरात दुरुस्त होणारी गाडी मिळते का, हा माझा प्रश्न होता, आणि शोधूनही मिळाली नाही.

पत्र्यावाल्याशी बोलणं झालं ते असं. गॅस वेल्डिंग नाही, सीओटूच (विजेचं, तारेचं वेल्डिंग), कारण गॅसची आच पत्रा वाकवते. नवा पत्रा सीआरचा (कोल्ड रोल्ड), २० गेज, कमानीला १८. जुन्यावर ठिगळ चिकटवायचं नाही, कुजलेलं कापून चांगल्या कडेपर्यंत जायचं. आधी डिझेलची टाकी उतरवायची, बॅटरी सोडायची. आतल्या बाजूला झिंक प्रायमर, आणि सगळं झाल्यावर सिलच्या पोकळीत मेण फवारायचं. पुट्टी नखाएवढ्या जाडीच्या वर नको. ते शेवटच्या मुद्द्यावर जरा खट्टू झाले. पुट्टीने काम लवकर आटपतं. पण हो म्हणाले.

२८ डिसेंबर

चासीचं काम पूर्ण. चीर टोकाला भोक पाडून थांबवली, उकरून भरली, घासली. वर ४ मिलिमीटरची प्लेट, पण चौकोनी नाही, दोन्ही टोकं तिरकी, माशाच्या आकाराची. चासीवर आडवा सरळ टाका मारला की पुढची चीर त्याच रेषेत पडते, म्हणून टाका तिरका उतरवत न्यायचा. मिस्त्री आणि वेल्डर दोघांनाही हे आधीपासून माहीत होतं, मी आणलेलं चित्र त्यांनी न बघताच बाजूला ठेवलं. थोडं थोडं, थांबत थांबत टाके मारले. ब्रॅकेटला नवे बोल्ट, भोकं रीमरने सारखी करून.

बॉडीची रबरं एकेक करून बदलतोय, त्या बाजूने जॅक लावून बॉडी बोटभर उचलायची, जुनं काढायचं, नवं सरकवायचं. जुनी दगडासारखी झाली होती.

११ जानेवारी २०२६

हेड लेथवरून परत आलं. चौथ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड एका जागी दातरलेली होती, जशी शिट्टीने सांगितली होती तशी. सीट कापून, सगळे व्हॉल्व्ह घासून, नवी सीलं. बसवून टॅपेट लावल्यावर कॉम्प्रेशन २७, २६, २७, २६. आता पहिल्या किल्लीला उठते.

डावी कमान झाली, उजवी अर्धी. उजव्या मडगार्डवरची पुट्टी काढल्यावर खाली पत्रा फक्त चेपलेला निघाला, कुजलेला नाही, तो बडवून सरळ होतोय.

डिकीच्या दाराचा प्रश्न सुटला. सांगलीला एका शाळेच्या मागे इस्टेट उभी आहे असं मिस्त्रींच्या भाच्याने सांगितलं, जाऊन आलो. इंजिन नाही, पुढची काच फुटलेली, पण मागचं दार कोरडं, काच आणि दोन्ही टेललॅम्प धड. मालक पूर्ण गाडी घेणार असाल तरच देतो म्हणतात, कागदांसह. तिची नोंदणी रद्द करून घ्यायची आणि सांगाडा रीतसर भंगारात द्यायचा असं त्यांच्याशी बोललोय. टेम्पो मंगळवारी.

आरटीओची तारीख ९ फेब्रुवारी. त्याआधी उजवा सिल, पंप कॅलिब्रेशन, टायर. नमदा आणि आतली सजावट नंतर. गाडी दाखवायला मामा बरोबर येणार आहेत, स्टिअरिंगवर मी.